पाझर

आमच्याकडे देवाला कौल लावल्याशिवाय मोठं काम होत नाही. उजवा पडला तर पुढं, डावा पडला तर थांबा. त्यामुळे ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या चमत्कारांना हसायचं मी माझ्यापुरतं तरी टाळतो. पण हसू नये म्हणून विचारूही नये, असं थोडंच आहे?

२०१२ च्या मार्चमध्ये मुंबईत पार्ल्याजवळ इर्ल्याला, वेलांकणी माउलीच्या चर्चपाशी क्रुसावरल्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक जमले, कुणी ते तीर्थ म्हणून भरून नेलं. सनल एडामारुकू नावाचे गृहस्थ दिल्लीहून आले, मागची भिंत नि गटार पाहिलं आणि म्हणाले, गटार तुंबलंय, तेच पाणी भिंतीतून चढून क्रुसापर्यंत येतंय. चिऱ्याच्या घरात राहणाऱ्याला हे पटवायला शास्त्रज्ञ नको. जोत्याशी पाणी साचलं की आषाढात भिंत हातभर ओली होते. चिरा पाणी पितो, वात तेल ओढते, तसंच. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्याला, तेव्हाही चमचा सोंडेला टेकला की दूध ओढलं जाऊन खालीच ओघळत होतं. धर्म दोन, पाण्याची खोड एकच.

एडामारुकूंवर पोलिसांत तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. टीव्हीवर त्यांनी चर्चलाही चार शब्द सुनावले होते म्हणे. असतील. पण गटार कुणालाही वाकून बघता आलं असतं.

आजाराचं मात्र कठीण. भिंत उकरता येते, माणूस कसा उकरणार? बंगालच्या मोनिका बेसरा यांच्या पोटातली गाठ १९९८ साली मदर तेरेसांच्या कृपेनं गेली असं रोमनं मानलं, आणि २००३ मध्ये मदरना धन्य घोषित केलं. तिकडचे डॉक्टर सांगत होते, बाईला क्षयाची औषधं दिली होती. औषधानं बरा झालेला रोगी चमत्कारात धरायचा नाही, हा नियम रोमचाच. नियम मला आवडतो, त्या वेळचा निकाल नाही. खत घातलं नि नवसही बोललो, तर बिनखताचा वाफा शेजारी असल्याशिवाय पिकाचं श्रेय नवसाला कसं देणार?

गेल्या पावसात वाडीतली एक बाई आली. तिलाही क्षयच. कुठल्याशा प्रार्थनासभेत बरे झालेल्यांच्या साक्षी ऐकून आलेली. म्हणाली, "काकानू, गोळये बंद केले तर चलात मां?"

मी म्हटलं, "बाय, साक्ष देऊक बरे झालेलेच उभे रवतत. जे गेले, ते खंयसून येतले? प्रार्थना कर, पण एकव गोळी चुकव नको."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग विचारते, "मगे बरा वाटला तर उपकार कोणाचे मानू?"

"दोघांचेय मान," म्हटलं, "पण आधी गोळये पुरे कर."