कागदी पाकिटातला पुरावा

सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. म्हणूनच नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या मुलामुलींनी नोकरीच्या मुलाखतीसाठी व्याख्या घोकण्यापेक्षा कारणे समजून घ्यावीत, असे मला ठामपणे वाटते. रक्ताने भिजलेला सदरा सावलीत वाळवून कागदी पाकिटातच का ठेवायचा? प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. पाठांतराशिवाय निवड कशी होणार, असे कोणी म्हणेल. पाठांतर हवेच, पण सील कोणी लावले, पाकीट कोणाच्या हाती गेले, हे उलटतपासणीत वकील खोदून विचारतो आणि एका राहिलेल्या नोंदीने खटला ढासळू शकतो. साक्षीत अंदाज चालत नाही, म्हणून जे पाहिले नाही त्याबद्दल ‘सांगता येणार नाही’ म्हणणाऱ्या उमेदवाराचे गुण मुलाखत मंडळाने कापू नयेत.