चित्राची साक्ष

सी. टी. स्कॅनची काळसर फिल्म घरी आली की आपण ती उजेडासमोर धरतो आणि फारसे काही कळत नसतानाही बराच वेळ पाहत राहतो. छातीच्या तपासणीत बहुधा एकाच छेदाची दोन चित्रे असतात. एकात फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांची बारीक जाळी उमटलेली असते. दुसऱ्यात फुप्फुसांच्या जागी नुसता काळोख, आणि हृदय व स्नायू तेवढे स्पष्ट. रुग्ण तोच, यंत्र तेच, श्वास रोखून धरल्याचा क्षणही तोच. मग यांतले खरे चित्र कोणते?

वस्तुतः यंत्राने टिपलेले असतात ते केवळ आकडे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1971 साली इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी केली. हे यंत्र शरीराच्या प्रत्येक सूक्ष्म भागाला एक अंक देते: पाण्याला शून्य, हवेला उणे 1000, चरबीला उणे 100 च्या आसपास, घट्ट हाडाला 1000 किंवा त्याहूनही अधिक. एवढा मोठा पल्ला पडद्यावरच्या 256 करड्या छटांत कोंबला, तर जवळजवळच्या अंकांतील भेद डोळ्यांना जाणवतच नाही. म्हणून डॉक्टर त्या पल्ल्याचा एक तुकडा निवडतात. उणे 160 ते 240 एवढेच दाखवायचे ठरले, की त्याखालचे सारे काळे व त्यावरचे सारे पांढरे. या तुकड्याला त्या शास्त्रात ‘खिडकी’ असेच म्हणतात. 2020 च्या करोना साथीत डॉक्टर फुप्फुसांवर ज्या धुरकट छाया शोधत होते, त्या या खिडकीतून सहसा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी निराळी खिडकी उघडावी लागते.

तेव्हा दाखविण्यासाठी काहीतरी झाकावेच लागते. यात असत्य नाही. सर्व काही एकदम दाखवू पाहणारा काहीच दाखवीत नाही.

परंतु हीच सोय संशोधकाच्या हाती येते तेव्हा प्रश्न कठीण होतो. सूक्ष्मदर्शकातून घेतलेली चित्रे मोजण्यासाठी प्रयोगशाळांतून ‘इमेजजे’ हे सॉफ्टवेअर सर्रास वापरले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी ते तयार केले व 1997 पासून ते विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात ‘किमान’ आणि ‘कमाल’ अशा दोन सरकपट्ट्या आहेत. त्या सरकवल्या की चित्र उजळते किंवा काळवंडते. मात्र पिक्सेलचा मूळ अंक जिथल्या तिथे राहतो. पण 65,536 पातळ्यांचे चित्र 256 पातळ्यांत उतरविले, तर त्या क्षणी पडद्यावर निवडलेला पल्लाच कायमचा होतो. त्याबाहेरचे अंक शून्यावर किंवा 255 वर येऊन थांबतात, आणि मूळ फाइल जपली नसेल तर ते पुन्हा मिळत नाहीत.

येथे रेघ ओढावी असा मोह होतो: अंक बदलला तर अपराध, नुसता देखावा बदलला तर नाही. मला ही रेघ पुरेशी वाटत नाही. प्रथिनांच्या चाचणीत एक फिकट पट्टा उमटला आहे असे समजा. संशोधकाचा सिद्धान्त सांगतो, की येथे ते प्रथिन नसावेच. तो ‘किमान’ची पट्टी थोडी वर सरकवतो. पट्टा काळोखात विरून जातो. संगणकातील आकडे अबाधित आहेत. परंतु नियतकालिकाचा वाचक आकडे पाहत नाही, चित्र पाहतो. तो त्या चित्रावर विसंबून पुढची दोन वर्षे घालवील, आणि कदाचित एखादे औषधही त्याच वाटेने रुग्णापर्यंत जाईल.

याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे दोन चित्रांची तुलना. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राचा पल्ला त्या चित्रापुरता आपोआप ताणते. मंद प्रकाशाचा नमुना आणि प्रखर प्रकाशाचा नमुना शेजारी ठेवले, तर दोन्ही सारखेच तेजस्वी भासतात. येथे कोणी कपट केलेले नाही. तरीही ‘मी पट्टीला हात लावला नाही’ हे उत्तर देऊन सुटका होत नाही, कारण दोन चित्रे शेजारी मांडणे हेच एक विधान आहे. (शेजाऱ्याच्या उणिवा एका खिडकीतून आणि स्वतःच्या दुसऱ्या खिडकीतून पाहण्याची कला आपल्याला सॉफ्टवेअरशिवायही साधलेली आहे!)

संत ऑगस्टीन यांच्या मागोमाग संत थॉमस अक्विनस यांनीही असत्य कधीच निर्दोष मानले नाही. परंतु सत्य शहाणपणाने झाकणे आणि खोटे सांगणे यांत त्यांनी भेद केला. शब्दांवाचून, कृतीने किंवा खुणेनेही खोटे सांगता येते, हेही त्यांनी दाखविले. माझ्या मते झाकण्याची ती मुभा समोरच्याचा हक्क पाहून ठरते. कुतूहलाने विचारणाऱ्या परक्यापासून रुग्णाचा आजार झाकता येतो. पण ‘हा पाहा पुरावा’ म्हणून जो चित्र पुढे करतो, त्याने पाहणाऱ्याला तो हक्क आपणहून दिलेला असतो. खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा येथे लागू होते, मग साक्षीदाराने तोंड उघडलेले असो वा नसो.

न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकाने 2002 साली स्वीकृत लेखांतील चित्रे तपासण्यास आरंभ केला. त्याचा नियम मोजका आहे: उजळपणात केलेला बदल संपूर्ण चित्राला सारखा लागू असावा, आणि त्याने काही लपू नये वा विपरीत भासू नये. विशेष म्हणजे तपासणारे हीच पट्टी वापरतात. पट्टी सरकवून काळा भाग उजळला, की पुसल्याच्या व चिकटवल्याच्या कडा वर येतात.

इमेजजेमध्ये रंगांचा एक तक्ताही आहे. तो लावला की करडे चित्र करडेच राहते. मात्र निवडलेल्या पल्ल्याच्या तळाशी गेलेला प्रत्येक बिंदू निळा होतो आणि माथ्यावर पोहोचलेला तांबडा. चित्र छापायला देण्यापूर्वी काही संशोधक तो तक्ता लावून क्षणभर पाहतात. नको तेथे निळे दिसले, तर ‘किमान’ची पट्टी पुन्हा मागे घेतात, आणि तो फिकट पट्टा परत दिसू लागतो.