शेजारधर्म आणि पाण्याचा ताळेबंद



आपण पाणी जपून वापरले आणि शेजाऱ्याने विहीर उपसली, तर मूर्ख कोण ठरते? टंचाईच्या वर्षी हा प्रश्न आपल्या बाळापूर परिसरातही मनात येतोच.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने १९९० च्या दशकात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्याचे उत्तर शोधले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे सर्वांनी ठरवले. पुढे गाव पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, मग उरलेल्यावर पिके. पाऊस चांगला तर सर्वांना मोकळीक, कमी तर सर्वांनाच आवर.

फायदा पाहून केलेला चांगुलपणा खरा का, असे कोणी विचारील. आम्हाला वाटते, असा नियम चांगल्या माणसाला एकटे पडू देत नाही. काटकसर करणारा फसत नाही, म्हणून पुढच्या वर्षीही काटकसर करतो. हळूहळू सवयीचा स्वभाव होतो.

शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा आपण जाणतो. शेजाऱ्याला चांगले वागणे परवडेल अशी व्यवस्था उभारणे, हीही प्रीतीच आहे.