तकदीर आणि जाब

ऑक्टोबर 2023 च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण नांदेड-लातूरकडील मय्यतीच्या घरी बहुधा एकच वाक्य ऐकू येते : अल्लाहची मर्जी. मग उपचारांचा जाब विचारणे सब्रच्या विरुद्ध ठरते काय?

मुळीच नाही. मृत्यूची घटका ठरलेली आहे, ही आपली श्रद्धा. तरीही चुकून झालेल्या हत्येबद्दलसुद्धा सूरह निसा (आयत 92) दियत बंधनकारक करते. तकदीर दुःखिताचे सांत्वन आहे. तिने निष्काळजी माणसाची जबाबदारी मिटत नाही. वैद्यक न जाणता उपचार करणाऱ्यास प्रेषितांनी (स.) नुकसानीस जबाबदार धरले आहे.

मात्र प्रत्येक मृत्यू हलगर्जीने होत नाही, आणि निराधार संशय हाही गुनाहच. म्हणून वाचकहो, डॉक्टरांवर हात उगारू नका, कागद मागा. अर्ज केल्यास 72 तासांत उपचारांच्या नोंदी देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. पैसे घेऊन उपचार झाले असल्यास दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयांना तो कायदा लागू नाही; तेथे दिवाणी न्यायालय व वैद्यक परिषद यांचे दार आहे.

सब्र करावा आणि हिशेबही मागावा. त्याने कदाचित पुढच्या रुग्णाचा जीव वाचेल.