विसावा हा आळस नव्हे

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळितो, आणि पोळ्यास त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाही. राबलेल्या बैलास खरा जोम चाबकाने येत नाही, विसाव्याने येतो, हे तो जाणतो.

मग स्वतःचे मन कामास कंटाळले असता आपण त्यास आळशी का म्हणतो? आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो. अखेर कामाची आवडच नाहीशी झाली, तेव्हा चूक उमगली. विसावा मोडून पडल्यावर घ्यावयाचा नसतो. त्याचा दिवस आधीच नेमावयाचा असतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणीकामगारांस १८९० साली मिळालेली रविवारची सुटी अशीच नेमलेली होती. मात्र विसावा घेऊनही जो दुसऱ्या सकाळी औत धरीत नाही, त्याचा विसावा आळसच होय.

आणखी एक विचार, वाचकहो. पोळ्यास बैल सुटतो, परंतु पुरण वाटणारी घरची बाई सुटते काय? जनावरास जे देतो, ते तिलाही नेमून द्यावे. नाही तर आपला न्याय गोठ्यातच राहिला असे होईल.