मत नेसरीत, करार मुंबईत

मतदान यंत्राशेजारच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असते. हा उमेदवार उद्या कुणाच्या शेजारी बसेल, हे त्या चिठ्ठीवर नसते आणि भारतीय मतदाराची खरी अडचण तिथेच सुरू होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीचेच पाहा. ती गडहिंग्लज तालुक्यात असली तरी विधानसभेला चंदगड मतदारसंघात मोडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये इथल्या बहुरंगी लढतीतून राष्ट्रवादी काँग्रेसचे राजेश पाटील निसटत्या फरकाने निवडून आले. राज्यात कुणालाच स्पष्ट बहुमत नव्हते. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४ असे आकडे होते. २३ नोव्हेंबरला सकाळी फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला, तेव्हा राज्यपालांपुढे राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांची यादी ठेवलेली होती. पक्षाचे आमदारच ५४. म्हणजे नेसरीकरांनी घड्याळाला दिलेले मत त्या सकाळी भाजपच्या खात्यावर जमा झाले. पाच दिवसांनी तेच मत उद्धव ठाकरे यांच्या सरकारमागे उभे राहिले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, तेव्हा राजेश पाटील अजित पवारांबरोबर राहिले आणि ते मत पुन्हा भाजपच्या जोडीला गेले.

लोकसभेची कथाही वेगळी नाही. एप्रिल २०१९ मध्ये कोल्हापुरात राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक आघाडीचे उमेदवार होते, पण काँग्रेसच्या सतेज पाटलांच्या गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांना बळ दिले. मंडलिक युतीचे खासदार झाले. वर्ष सरण्याआधी त्यांचा पक्ष भाजपपासून तुटला, २०२२ मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर पुन्हा भाजपच्या मांडवात आले. पराभूत महाडिक दरम्यान भाजपमध्ये जाऊन राज्यसभेवर पोचले. म्हणजे २०१९ ला ज्यांच्यापैकी एकाला निवडायचे होते, ते दोघेही २०२२ अखेर एकाच बाजूला होते. ठरवणाऱ्यांचे ठरले होते. मतदाराला कुणी विचारले नव्हते.

एवढे पाहून अनेकजण म्हणतात, आघाडीचे राजकारणच खोटे. एका पक्षाला ठोक बहुमत द्या आणि पाच वर्षे निवांत राहा. मला हे अजिबात पटत नाही. ‘लोकांनी संमिश्र कौल दिला’ असे आपण म्हणतो तेव्हा कुणा एका मतदाराने संमिश्र मत दिलेले नसते. प्रत्येकाने आपापले, सरळ मत दिलेले असते आणि देश इतका नाना तऱ्हांचा आहे की त्या सगळ्यांची बेरीज एका पक्षाच्या पदरात बसत नाही. हा देशाचा दोष म्हणायचे कारण नाही. नरसिंह राव यांच्या पक्षाला १९९१ मध्ये बहुमत नव्हते, तरी डिसेंबर १९९२ मध्ये त्याच लोकसभेने ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. नेसरीसारख्या गावात ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बायका हक्काने बसू लागल्या त्या या दुरुस्तीमुळे. माहितीचा अधिकार आणि रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा २००५ चे, डाव्यांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर चाललेल्या सरकारचे. आणि जून २०२४ मध्ये भाजपला २४० जागा मिळून सरकार तेलुगू देसम आणि संयुक्त जनता दलाच्या आधाराने बनले, म्हणून आभाळ कोसळलेले नाही. सरकार कुणाला तरी विचारून चालणार असेल, तर त्यात सामान्य माणसाचा फायदाच जास्त आहे.

मतदाराचे नुकसान दुसरीकडे होते. त्यातले पहिले, आणि ज्याविषयी फार कमी बोलले जाते, ते निवडणुकीआधीच होते. त्याचे नाव जागावाटप. नोव्हेंबर २०२४ मध्ये चंदगडच्या यंत्रावर कमळ नव्हते आणि हातही नव्हता. महायुतीत जागा अजित पवारांच्या पक्षाला सुटली, महाविकास आघाडीत शरद पवारांच्या. ज्याला भाजप हवा होता त्याने घड्याळ दाबायचे, ज्याला काँग्रेस हवी होती त्याने तुतारी. आणि दोन्ही बाजूंना मुळात एकाच पक्षाचे दोन तुकडे. मुंबईत चार माणसांनी बसून केलेल्या वाटणीत इथल्या हजारो मतदारांची पहिली पसंती यंत्रावरून नाहीशी झाली. त्यांनी काय केले? भाजपचे बंडखोर शिवाजी पाटील यांना अपक्ष म्हणून निवडून दिले, तेही २४ हजारांच्या आसपास मताधिक्याने. पाटील निकालानंतर भाजपच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी शेजारच्या सांगलीत काँग्रेसला जागा सुटली नाही, तर लोकांनी विशाल पाटील यांना अपक्ष खासदार केले आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. हा प्रकार नवा नाही. कोल्हापूरनेच २००९ मध्ये सदाशिवराव मंडलिक यांना पक्षाने नाकारल्यावर अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवले होते.

बंडखोरीला आपल्याकडे बेशिस्त समजतात. मला ती मतदाराने केलेली दुरुस्ती वाटते. वरच्यांनी चुकीचे वाटप केले, खालच्यांनी ते खोडून पुन्हा लिहिले. पण ही दुरुस्ती महागडी आहे. त्यासाठी स्वतःचा पैसा, स्वतःचे कार्यकर्ते आणि हरल्यास पाच वर्षे कळ काढण्याची ताकद असलेला माणूस लागतो. साखर कारखाना, बँक, दूध संघ यांपैकी काही हाताशी नसलेला गरीब कार्यकर्ता बंडखोरी करून निवडून आल्याचे किती वेळा दिसते? म्हणजे मतदाराची सुटकाही पुन्हा मातब्बरांच्याच हातात.

दुसऱ्या नुकसानीबद्दल, म्हणजे निकालानंतरच्या जुळवाजुळवीबद्दल, मी तुलनेने सौम्य आहे, अट एवढीच की ती उघड्यावर व्हावी. राज्यपालांनी कुणाला आधी बोलवावे याचा क्रम सरकारिया आयोगाने १९८८ मध्येच सांगून ठेवला: आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, त्यानंतर निकालानंतरची आघाडी. आघाडीच्या लेखी कराराचा कागद मात्र कुणी मागत नाही. २०१९ मध्ये महाविकास आघाडीने शपथविधीच्या दिवशी किमान समान कार्यक्रम जाहीर केला, ते योग्यच झाले. पण तो मतदाराला आधी दिसला नव्हता आणि नंतर मोडला तेव्हा त्याचा हिशेबही कुणी दिला नाही. जर्मनीत २०१७ च्या निवडणुकीनंतर सोशल डेमोक्रॅट पक्षाने विरोधात बसण्याची घोषणा केली होती. ती फिरवायची वेळ आली, तेव्हा पक्षाने आघाडीचा छापील करार आपल्या सभासदांपुढे मतदानाला ठेवला. २०१८ मध्ये दोन-तृतीयांश सभासदांचा होकार आल्यावरच सरकार बनले. आपल्याकडे शब्द फिरवण्यासाठी एक रात्र पुरते.

तिसरे नुकसान सर्वांत गंभीर आहे: मुदतीच्या मध्ये बाजू बदलणे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने एकट्यादुकट्याला रोखले. २००३ च्या दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची सवलतही काढली. तरी अख्खा गट निघाला की प्रश्न ‘खरा पक्ष कोणता’ असा होऊन बसतो आणि तो निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष आणि न्यायालय यांच्यात फिरत राहतो. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, त्यावर अध्यक्षांचा निर्णय आला जानेवारी २०२४ मध्ये. या सगळ्या कागदांत आमदाराच्या सहीला किंमत आहे, पक्षाच्या घटनेला आहे, चिन्हाला तर फारच आहे. मतदार त्यात पक्षकारही नाही.

त्याला पक्षकार करणे अवघड आहे असे नाही. चंदगडचे आमदार बाबासाहेब कुपेकर सप्टेंबर २०१२ मध्ये गेले. २०१३ च्या सुरुवातीला पोटनिवडणूक झाली आणि चंदगडने संध्यादेवी कुपेकर यांना निवडले. आमदार वारला तर काही महिन्यांत नेसरीच्या शाळेत मतदान केंद्र उभे राहते; आमदाराने सरकार बदलले तर राहत नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात मात्र असे पुन्हा मतदान झालेले आहे. २०१८ च्या त्रिशंकू निकालातून आलेले काँग्रेस आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाचे सरकार २०१९ मध्ये कोसळले, १७ आमदार अपात्र ठरले, आणि ५ डिसेंबर २०१९ ला १५ जागांवर पोटनिवडणुका झाल्या. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक, अथणी आणि कागवाड या तिन्ही ठिकाणी फुटलेलेच आमदार, या वेळी भाजपकडून, पुन्हा निवडून आले. अनेकांना तो निकाल कडू वाटला. मलाही तो आवडला नव्हता. पण अथणीच्या माणसाला विचारले गेले आणि त्याने उत्तर दिले. जो आमदार ज्या आघाडीच्या नावावर निवडून आला, ती आघाडी त्याने मध्येच सोडली, तर सहा महिन्यांत त्या मतदारसंघात पुन्हा मतदान घ्यावे, मग तो एकटा गेला असो की चाळीसजणांसह. पक्षांतरबंदीची कलमे असलेल्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टात एवढी एक तरतूद घालायला संसदेत दोन-तृतीयांश मते लागतील. ती ज्यांच्याकडून मिळवायची, त्यांच्यातल्या प्रत्येकाला पुढच्या प्रचारात हा प्रश्न जाहीर सभेत, नाव घेऊन विचारला पाहिजे.