लपलेला डोळा आणि साक्षीचा धर्म

एखाद्या माणसाकडे त्याला कळू न देता पाहण्याचा अधिकार दुसऱ्या माणसाला कधी पोचतो का, आणि पोचत असेल तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न राजनीतीच्या ग्रंथांत फार जुना आहे. मात्र राजवाड्यातून तो सामान्य गृहस्थाच्या दोन खोल्यांत उतरला तो अलीकडेच. वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील, नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेकडचे तुळिंज ही अशा गृहस्थांची दाट वस्ती आहे. घरातील कमावती माणसे सकाळच्या लोकलने मुंबईकडे निघून गेली की मागे म्हातारे आईवडील, शाळेतून परतणारी मुले किंवा नुसते कुलूप उरते, आणि आपल्या पाठीमागे घरात काय चालले आहे हे कळावे असे वाटण्यात अस्वाभाविक काही नाही. या काळजीतूनच लपवता येणाऱ्या कॅमेऱ्यांच्या पुरवठादाराचा शोध सुरू होतो. कोणी जवळच्या सीसीटीव्ही बसवून देणाऱ्या दुकानदाराला हळूच विचारतो, कोणी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांतून फिरतो, तर बहुतेकांना मोबाइलवरूनच पेन, बटन, भिंतीवरचे घड्याळ अशा रूपांतले कॅमेरे घरपोच मागवता येतात.

यांपैकी एक वस्तू नीट पाहण्यासारखी आहे. मोबाइलच्या चार्जरसारखा दिसणारा एक काळा ठोकळा असतो. त्याच्या दर्शनी भागात टाचणीच्या टोकाएवढे भिंग आणि आत नखाएवढे मेमरी कार्ड बसवलेले असते. कार्ड भरले की यंत्र सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसून त्या जागी नवे साठवू लागते, म्हणजे प्लगला वीज आहे तोवर त्याच्या पाहण्याला खंड नाही. सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की हा चार्जर मोबाइल खरोखरच चार्ज करतो. जिच्यावर नजर ठेवायची ती बाई आपला स्वतःचा फोन त्याला लावून निर्धास्त बसते, आणि तिचा हा विश्वासच यंत्राच्या कामाचा आधार ठरतो. वस्तू एका अर्थी खोटी नाही, पण तिचा खरेपणा फसवणुकीच्या कामी लावलेला आहे. त्यामुळे येथे असत्य घडले की नाही, याचे उत्तर केवळ शब्दांच्या खरेखोटेपणावरून देता येत नाही.

पाहणे म्हणजे काय, याविषयीचा बौद्ध परंपरेतील एक अत्यंत मूलगामी उपदेश याच परिसराशी जोडलेला आहे. रेल्वेरुळांच्या पश्चिमेकडचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक, पालीतले सुप्पारक. पाली त्रिपिटकातील उदान या ग्रंथात येणारा बाहिय हा वल्कलधारी तपस्वी येथेच समुद्रकाठी राहत असे. लोक त्याला अर्हत, म्हणजे सर्व आसक्तींतून मुक्त झालेला पुरुष, समजून पूजत, आणि त्यालाही तसेच वाटू लागले होते. तो भ्रम मोडल्यावर तो लांबचा प्रवास करून श्रावस्तीला पोचला, आणि भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धाला त्याने वाटेतच गाठले. त्याला मिळालेल्या उपदेशाचा आशय असा की डोळ्यांनी जे दिसते आणि कानांनी जे ऐकू येते, त्यात पाहणाऱ्याने आपली इच्छा, आपले भय आणि आपला ‘मी’ मिसळू नये. वरवर पाहता यंत्राचा डोळा हीच अट पाळतो असे वाटेल, कारण भिंगाला राग नाही आणि लोभही नाही. परंतु भिंग स्वतः काहीच पाहत नसते. रात्री कार्ड काढून ते चित्रण पाहणारा माणूस पाहत असतो, आणि तो तर दृश्याच्या आधीच संशय मनाशी बाळगून बसलेला असतो. मोलकरणीने कपाट उघडले एवढेच पडद्यावर दिसते; चादर घेण्यासाठी की पैशांसाठी, हे पाहणारा आपल्या पदरचे घालून ठरवतो. गुप्त चित्रणाला निखळ वस्तुस्थिती मानण्याची जी सवय अलीकडे जडली आहे, तिच्यात ही भेसळ लक्षात घेतली जात नाही.

यावर श्रद्धावानांकडून एक आक्षेप घेतला जातो व तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. देव सगळे बघतो, हे वाक्य मराठी घरात मुलाला बोलता येऊ लागल्यापासून ऐकवले जाते. महाभारताच्या आदिपर्वातही शकुंतला दुष्यंताला हेच बजावते की एकांतात केलेले कर्म सूर्य, चंद्र, वायू, अग्नी आणि स्वतःचे अंतःकरण जाणत असते. माणूस नाहीतरी सतत पाहिलाच जात असेल, तर त्यात एका कॅमेऱ्याची भर पडल्याने काय बिघडते? उत्तर त्या प्रसंगातच सापडते. शकुंतला ही गोष्ट दुष्यंताला तोंडावर सांगते आहे; ज्याच्याकडे पाहिले जात आहे त्याला ते ठाऊक असणे, हा त्या पाहण्याचाच भाग आहे. शिवाय वेदान्तातील साक्षी, म्हणजे सर्व अनुभवांना प्रकाशित करणारे पण कशातही न गुंतणारे चैतन्य, त्या पाहण्यातून काही मिळवत नाही. मुंडकोपनिषदातील एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो. लपवलेल्या कॅमेऱ्याचा मालक दुसऱ्या पक्ष्याच्या जागी बसल्याचा भास निर्माण करतो, पण त्याची नजर फळावरच असते.

हेरगिरीचा सर्वांत रोखठोक पुरस्कर्ता कौटिल्य. त्याच्या अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांची, म्हणजे हेरांची, तपस्वी, व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी अशी रूपे सांगितली आहेत. आजच्या घड्याळातल्या कॅमेऱ्यामागची कल्पना यापेक्षा वेगळी नाही. तरीही कौटिल्याने स्वतःला दोन बंधने घालून घेतली. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे सांगणे जुळले तरच ते ग्राह्य धरावे, आणि वारंवार जुळले नाही तर हेरालाच गुपचूप दंड करावा, हे पहिले. दुसरे अधिक खोल आहे. अमात्यांची निष्ठा तपासण्यासाठी त्यांच्यापुढे जी खोटी प्रलोभने ठेवली जात, त्यांना उपधा म्हणतात. या उपधांसाठी राजाने स्वतःला किंवा राणीला निमित्त करू नये, आणि विष मिसळून पाणी नासवावे तसे निर्दोष माणसाचे मन या परीक्षेने नासवू नये, कारण एकदा बिघडलेल्या मनाला औषध सापडेलच असे नाही, असे तो बजावतो. ज्याला निष्ठुर म्हणून ओळखले जाते त्या आचार्याला जी भीती वाटली, ती आज चार्जर विकत घेणाऱ्याला वाटत नाही, ही चिंतेची बाब आहे.

सोपाऱ्याच्याच मातीत याहून वेगळ्या राजनीतीचा पुरावा मिळाला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्याचा. याच लेखमालेतील, गिरनारसारख्या ठिकाणी टिकून राहिलेल्या सहाव्या लेखात अशोक आपल्या प्रतिवेदकांना, म्हणजे वार्ता आणणाऱ्यांना, आज्ञा देतो की आपण जेवत असू, अंतःपुरात असू किंवा उद्यानात असू, लोकांचे काम घेऊन कोणत्याही क्षणी यावे. प्रजेच्या शयनगृहात डोळा बसवण्याऐवजी राजाने आपल्याच शयनगृहाचे दार उघडले आणि आपल्याकडे वार्ताहर आहेत हे दगडावर कोरून जाहीर केले. सत्तेने पाहावे, पण पाहणाऱ्याने स्वतःही उघड्यावर असावे, ही कल्पना येथे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास नांदत होती.

आधुनिक न्यायव्यवस्थेची वाट बरीच अडखळत गेली. मुंबईच्या एका लाचप्रकरणात महापालिकेच्या कारकुनाच्या घरी पुस्तकांमागे मायक्रोफोन लपवून संभाषण मुद्रित केले गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मुद्रण एखाद्या घटनेच्या छायाचित्रासारखे ग्राह्य मानले. आर. एम. मलकानी खटल्यातही दूरध्वनीला यंत्र जोडून घेतलेला पुरावा टिकला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. असे असूनही १४ जुलै २०२५ च्या निकालात पतिपत्नीपैकी एकाने चोरून केलेले मुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल, असे न्यायालयाने म्हटले. जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर नाते आधीच तुटलेले असते, असा त्याचा विचार होता. स्त्रीचे खासगी क्षणांतले चित्रण मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली थेट गुन्हा आहे. पुरावा चालतो की नाही आणि कृत्य योग्य होते की नाही, हे दोन प्रश्न न्यायालयाने वेगळे ठेवले आहेत. बाजारात मात्र ते एकच मानले जातात, आणि ‘कोर्टात चालते’ हे वाक्य नीतीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून खपवले जाते.

येथे सूक्ष्मछायाचित्रणाचा, म्हणजे मोठा मजकूर भिंगाशिवाय वाचता न येण्याइतका लहान करून टिपण्याच्या तंत्राचा, विचार उपयोगी पडतो, कारण ते तंत्र हेरगिरीचेच भावंड आहे. जॉन बेंजामिन डान्सर याने १८३९ मध्ये इंग्लंडमध्ये पहिले असे छायाचित्र घेतले. १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात रेने दाग्रों याने हजारो निरोप पातळ पापुद्र्यांवर उतरवून कबुतरांच्या शेपटीला बांधून शहरात पोचवले. दुसऱ्या महायुद्धात कागदभर मजकूर पूर्णविरामाएवढ्या ठिपक्यात दडवून साध्या पत्रातून पाठवला गेला. तेच तंत्र ग्रंथालयांनी हस्तलिखिते जपण्यासाठी वापरले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जी नासधूस झाली ती आठवली की मूळ प्रतीची दुसरी प्रत दूर सुरक्षित असण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. सोपाऱ्याच्या स्तूपातही १८८२ मध्ये एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक निघाले, आणि सर्वांत आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. स्तूप बांधणाऱ्यांनी जे पूज्य ते लपवले, वेढ्यातल्या शहराने आपलाच निरोप लपवला. यांपैकी कोणीही पाहणाऱ्याला लपवले नाही. वस्तूचे गोपन आणि पाहणाऱ्याचे गोपन या दोन अगदी भिन्न नैतिक कृती आहेत, आणि गुप्त उपकरणांच्या जाहिराती दोन्हींना ‘सुरक्षा’ या एकाच नावाखाली विकतात.

म्हणून पुरवठादारही या प्रश्नातून सुटत नाही. अंगुत्तर निकायात उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत शस्त्रे आणि विष यांचा समावेश आहे, आणि व्यापारी पूर्णाच्या भिक्षू होण्याची कथा ज्या शूर्पारकाशी निगडित आहे तेथे ही आठवण अधिकच अर्थपूर्ण ठरते. कॅमेरा हा मुळात विष नव्हे, पण तो कोणत्या खोलीत लागणार आणि तेथे कोण राहते, हे न विचारता विकणारा दुकानदार विकल्यानंतर हात झटकू शकत नाही. तिजोरीवर रोखलेला कॅमेरा आणि भाडेकरूच्या न्हाणीघरातला कॅमेरा यांत यंत्र एकच असते.

कठीण प्रसंग शेवटी राहतोच. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या अंगावर वळ दिसतात, ती बोलू शकत नाही, आणि मुलाला तिला सांभाळणाऱ्या बाईच्या हवाली करून दिवसभर कामावर जावे लागते. येथे लपवलेला कॅमेरा लावणे अधर्म ठरवणे निर्दयपणाचे होईल, कारण ज्याला स्वतःसाठी साक्ष देता येत नाही त्याच्या वतीने ती गोळा करणे हे त्याच्या आप्तांचे कर्तव्य आहे. मात्र ती एकाच खोलीपुरती, मोजक्या दिवसांपुरती असावी, डॉक्टरच्या तपासणीसारख्या दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहिली जावी, आणि निर्णयापूर्वी सांभाळ करणाऱ्या बाईला ते चित्रण दाखवून तिचे म्हणणे ऐकले जावे. त्याहून अवघड बाजू ही की चित्रणात काहीच गैर निघाले नाही, वळ औषधामुळे उठले होते असे ठरले, तर त्या बाईची निर्दोष सुटका झाली हे तिला कधीच कळत नाही, कारण आपल्यावर आरोप होता हेही तिला ठाऊक नसते. आणि पाहणाऱ्याच्या मनात बसलेला संशय पुरावा नसतानाही तसाच राहू शकतो. तिला ते सांगणे, तिची क्षमा मागणे आणि कार्ड तिच्यासमोर पुसून टाकणे, एवढे तो मुलगा तिचे देणे लागतो.